फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपडेट: त्यात काय असतं आणि ते का घ्यायचं

सोलापूरच्या चिंचोली किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून रोज किती माल निघतो, हे मालकाला तोंडपाठ असतं. फाइली किती निघतात, हे सहसा कुणी मोजत नाही. परदेशी खरेदीदाराची ऑर्डर येते, पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइस जातं, न्हावा शेव्याच्या कस्टम हाउस एजंटला कागद जातात, जॅकार्डचं डिझाइन येतं, पगाराची फाइल बँकेकडे आणि पीएफचा तपशील सल्लागाराकडे जातो. गणवेश शिवणाऱ्या युनिटकडे तर शाळांच्या याद्या असतात, मुलांची नावं आणि मापं यांच्यासकट.

यातलं बरंचसं ईमेलनं नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून जातं. पण मोठा खरेदीदार किंवा बँक त्याला तयार नसते. ते सांगतात, आमच्या एसएफटीपीवर टाका, किंवा एएस२ लावून घ्या. या दोन्ही फाइल सुरक्षितपणे पाठवायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. वॉलमार्टनं आपल्या पुरवठादारांना एएस२ वापरायला सांगितलं ते २००२ साली, म्हणजे ही मागणी काही नवी नाही. अशा देवाणघेवाणीसाठी मोठ्या संस्था जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला मॅनेज्ड फाइल ट्रान्स्फर, थोडक्यात एमएफटी म्हणतात. मूव्हइट, गोएनीव्हेअर, क्लिओ ही त्यातली गाजलेली नावं. ती गाजली का, ते पुढे येईलच.

माल ट्रान्सपोर्टला दिला की बिल्टी मिळते. कुणी दिला, किती नग, कुठं जायचा, हे तीवर असतं, आणि पलीकडे कुणी सोडवून घेतला याची सही राहते. एमएफटी फाइलीसाठी नेमकं हेच करतं. फाइल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात पाठवतं, ती पूर्ण आणि न बदलता पोचली का ते तपासतं, कुणी कधी उचलली त्याची नोंद ठेवतं, आणि ठरलेल्या वेळी माणसाविना पाठवतं. एएस२मध्ये तर पोच म्हणून पलीकडून सही केलेली पावती येते. उद्या खरेदीदार म्हणाला की इन्व्हॉइस मिळालंच नाही, तर ती पावती पुढे करता येते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला एफटीपी (फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवायची ठरलेली पद्धत) १९७१ सालचा आहे. तो लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. ही गोष्ट आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना जरूर सांगावी. त्या काळी जाळ्यावर मोजके संगणक होते आणि ते वापरणारे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे एफटीपीत पासवर्ड जसाच्या तसा, उघडा जातो. वाटेत कुणी ऐकत बसलं तर त्याला तो वाचता येतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि त्यातून तातू उलोनेन या संशोधकानं एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सांकेतिक रूपात बोलायची पद्धत, तयार केली. आजचं एसएफटीपी या एसएसएचवर चालतं. तुमच्याकडे अजून साधं एफटीपी चालू असेल, पोर्ट २१ वर, तर बाकीचा लेख नंतर वाचा आणि आधी ते बंद करायला घ्या.

हल्लेखोर याच सॉफ्टवेअरच्या मागे का लागतात

कारण सरळ आहे. बाहेरच्यांनी फाइल टाकायची म्हणजे हा सर्व्हर इंटरनेटला जोडलेला हवाच. आणि त्यात अनेकांच्या महत्त्वाच्या फाइली एकाच ठिकाणी असतात. एका सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं की ते वापरणाऱ्या हजारो संस्था एकदम उघड्या पडतात.

मूव्हइटची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी, २७ तारखेच्या सुमाराला, क्लॉप नावाच्या टोळीनं जगभरातल्या मूव्हइट सर्व्हरमध्ये घुसायला सुरुवात केली. अमेरिकेत तेव्हा मेमोरियल डेची जोडून सुट्टी होती आणि ऑफिसं रिकामी होती. घुसायची रीत जुनीच, एसक्यूएल इंजेक्शन. वेबपेजवरून आलेली माहिती सॉफ्टवेअर डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात घालतं. ती नीट तपासली नाही, तर नावाच्या जागी कुणी आज्ञाच लिहून पाठवली तरी डेटाबेस ती मुकाट्यानं पाळतो. त्या वाटेनं आत शिरून टोळीनं सर्व्हरवर ‘ह्यूमन२.एएसपीएक्स’ नावाची फाइल ठेवली. मूव्हइटची स्वतःची ‘ह्यूमन.एएसपीएक्स’ नावाची खरी फाइल असते. यादी बघणाऱ्याची नजर सहज पुढे सरकावी, असंच ते नाव होतं. त्या फाइलमधून मग हवं ते डाउनलोड होत राहिलं.

कंपनीनं ३१ मे रोजी दुरुस्ती दिली. तपास सुरू झाल्यावर आणखी भोकं सापडली, म्हणून ९ जूनला दुसरी आणि १५ जूनला तिसरी दुरुस्ती आली. तोवर व्हायचं ते झालं होतं. मोजणी होत गेली तशी बाधित संस्थांची संख्या अडीच हजारांच्या वर आणि माणसांची सहा कोटींच्या वर गेली.

यात आपल्याकडच्यांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली ती त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून नव्हे. त्यांचे पगार झेलिस नावाची कंपनी करत होती, आणि मूव्हइट तिच्याकडे होतं. आपल्याकडेही पगार आणि पीएफचं काम बाहेर दिलेलं असतं. कामगारांचे आधार, पॅन, खाते क्रमांक त्या सल्लागाराकडे कशातून जातात आणि तिथं किती दिवस पडून राहतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, या हल्ल्यात टोळीनं फाइली कुलूपबंद केल्याच नाहीत. नुसत्या चोरल्या आणि ‘पैसे द्या नाहीतर जाहीर करतो’ म्हणून धमकावलं. इथं बॅकअप कामाला येत नाही. बॅकअपमधून तुमची फाइल परत मिळते, पण चोरानं नेलेली प्रत परत येत नाही. खंडणीचा व्हायरस म्हटलं की ‘आमचा बॅकअप आहे’ असं उत्तर देणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागतो.

‘आम्ही सोलापुरातले, आम्हाला कोण कशाला हॅक करेल?’ हा प्रश्न मी फार ऐकतो, आणि त्याचं उत्तर याच प्रकरणात आहे. टोळी कंपनी निवडत नाही. ती इंटरनेटवर विशिष्ट सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधत फिरते. जिथं सापडेल तिथं आधी घुसते, आणि तो सर्व्हर लंडनचा की सोलापूरचा हे नंतर बघते.

अपडेटची टिपणं कशी वाचायची

नवी आवृत्ती येते तेव्हा सोबत ‘रिलीज नोट्स’ येतात. बहुतेक जण त्या उघडत नाहीत. उघडल्या तर आधी सीव्हीई क्रमांक शोधा. जगभरात सापडलेल्या बहुतेक जाहीर त्रुटींना असा क्रमांक मिळतो. मूव्हइटच्या त्रुटीचा होता सीव्हीई-२०२३-३४३६२. त्यापुढे शून्य ते दहा असा गंभीरतेचा आकडा असतो. नऊच्या पुढे असेल तर हातातलं काम बाजूला ठेवावं. पण मी आकड्याच्याही आधी एक गोष्ट बघतो: या त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्षात सुरू झालाय का. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था अशा त्रुटींची यादी सर्वांसाठी खुली ठेवते. त्या यादीत नाव आलं असेल तर ‘रविवारी बघू’ म्हणण्यात अर्थ नाही.

अपडेट एकदा केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. क्लिओच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्ती आली, आवृत्ती ५.८.०.२१. ज्यांनी ती इमानानं बसवली, त्यांच्याही सर्व्हरवर डिसेंबरमध्ये हल्ले झाले, कारण दुरुस्ती अपुरी होती. खरी सुटका ५.८.०.२४ ला झाली. म्हणून ‘अपडेट केलंय का’ असं विचारू नये. सर्व्हरवर आज नेमकी कुठली आवृत्ती चालू आहे, शेवटच्या आकड्यापर्यंत, ते विचारावं आणि लिहून ठेवावं.

गोएनीव्हेअरवर जानेवारी २०२३ मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोराला त्याचं अ‍ॅडमिन पान इंटरनेटवरून उघडता येणं गरजेचं होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच सॉफ्टवेअरमध्ये दहापैकी दहा गंभीरतेची त्रुटी निघाली, आणि पुन्हा कंपनीचा पहिला सल्ला तोच होता: अ‍ॅडमिन पान बाहेर उघडं ठेवू नका. हे करायला पैसे लागत नाहीत. फाइल टाकायचं पान जगाला दिसू द्या. सॉफ्टवेअरची व्यवस्था बघायचं पान फक्त ऑफिसच्या आतून किंवा व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या खाजगी वाटेनंच, उघडलं पाहिजे. घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी ते कधीतरी उघडं करून ठेवतं आणि पुढे विसरून जातं.

टिपणांमधला सगळ्यात जास्त डोकेदुखी देणारा भाग म्हणजे जुन्या पद्धती काढून टाकल्याची यादी. टीएलएस म्हणजे वेबवरची देवाणघेवाण सांकेतिक करायची पद्धत. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या गेल्या. त्याच वर्षी ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरनं ओळख पटवायची एक जुनी, कमकुवत रीत (एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या) मूळ सेटिंगमध्ये बंद केली. एमएफटी कंपन्याही हळूहळू त्याच वाटेनं गेल्या. मग शनिवारी अपडेट होतं, आणि सोमवारी सकाळी एखाद्या जुन्या पुरवठादाराची फाइल येईनाशी होते. त्याच्या पडद्यावर दिसतं, ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’. तो फोन करतो, ‘काल चालत होतं की ओ, आज काय झालं?’ अर्थ एवढाच असतो की दोन्ही बाजूंना मान्य असलेली एकही पद्धत उरलेली नाही.

अशा वेळी सगळ्यांसाठी जुनी पद्धत पुन्हा चालू करायचा मोह होतो. तसं केलं तर अपडेटचा निम्मा उपयोग तिथंच संपतो. फारच नड असेल तर त्या एकाच भागीदारासाठी, त्याच्याच आयपी पत्त्यापुरती (इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकापुरती), तारीख ठरवून सूट द्यावी आणि त्याला नवं क्लायंट सॉफ्टवेअर घ्यायला लावावं. त्याहून बरं म्हणजे अपडेटच्या दोनतीन आठवडे आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, चाळायचा. कोण कुठल्या पद्धतीनं जोडतंय ते त्यात दिसतं. जुनाट पद्धतीवाले तीनचार जणच निघतात, आणि त्यांना आधी फोन करता येतो.

सर्व्हरची किल्ली, म्हणजे त्याची डिजिटल ओळख, बदलली तर पलीकडच्याला इशारा दिसतो आणि फिंगरप्रिंट म्हणून अक्षरांची एक ओळ दिसते. ‘यस’ दाबून पुढे जायची सवय सगळ्यांना असते. ती ओळ आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून पडताळायची असते. ईमेलमध्ये आलेल्या नंबरवर फोन केला तर पडताळणीला अर्थ राहत नाही.

दोन टप्प्यांची ओळख, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड, आता बहुतेक एमएफटीत मिळते आणि माणसांच्या प्रत्येक खात्याला ती लावलीच पाहिजे. पण रात्री दोन वाजता आपोआप फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामला मोबाइल कुठला? त्या खात्यांना पासवर्डऐवजी एसएसएच किल्ली आणि ठरावीक आयपी पत्त्यांचं बंधन लागतं. माणसांची खाती घट्ट आणि यंत्रांची सैल, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

‘वापरायला सोपं’ हेही सुरक्षेचंच काम

रिलीज नोट्समध्ये सुरक्षेखाली ‘वापरातल्या सुधारणा’ अशी यादी असते. मालक ती वाचून म्हणतात, बटणांचा रंग बदललाय, याचा आपल्याला काय उपयोग. माझं मत इथं ठाम आहे: त्या यादीतल्या ओळी सीव्हीईइतक्याच मनावर घ्याव्यात.

पगाराच्या दिवशी हिशेबनीसाच्या टेबलाजवळ उभं राहून बघा. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. बँकेला फाइल सहाच्या आत हवी. लॉगिनचं पान उघडतं, पासवर्डची मुदत संपलेली निघते. नवा पासवर्ड तीनदा नाकारला जातो, पण का नाकारला ते पडद्यावर येत नाही. एकदाचा आत गेला की मोठी फाइल ऐंशी टक्क्यांवर असताना वीज जाते आणि अपलोड पहिल्यापासून. फाइलीचं नाव ‘मार्च पगार अंतिम’ असं मराठीत असलं की पलीकडे नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग. शेवटी तो फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेतल्या ओळखीच्या माणसाला पाठवतो आणि म्हणतो, साहेब, जरा टाकून घ्या. त्या क्षणी दोनशे कामगारांचे खाते क्रमांक दोन मोबाइलांत आणि त्यांच्या क्लाउड बॅकअपमध्ये जाऊन बसतात. त्या माणसाला दोष देता येत नाही, कारण कामगारांचा पगार वेळेवर व्हावा म्हणूनच त्यानं ते केलं.

आता नव्या आवृत्तीतल्या ओळी परत वाचा. तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे सुरू होणं. युनिकोड नावं, म्हणजे मराठीतलीही, नीट चालणं. चूक नेमकी काय झाली ते साध्या शब्दांत सांगणं. आउटलुकमधूनच मोठी फाइल सुरक्षित दुव्यानं जाणं आणि त्या दुव्याला मुदत असणं. कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती आपोआप बँकेकडे रवाना होणं. यातली प्रत्येक ओळ व्हॉट्सअ‍ॅपकडे वळायचं एकेक कारण काढून टाकते.

त्यातही एका सोयीचं महत्त्व फार कमी लोकांना कळलेलं असतं: फाइल न आल्याची सूचना. फाइल आली की मेल पाठवणं कुठलंही सॉफ्टवेअर करतं. पण रोज सकाळी सातला येणारी ऑर्डरची फाइल आज साडेसातपर्यंत आली नाही, हे कळवणारं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थानं राखण करतं.

सर्टिफिकेटचं, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याचं, नूतनीकरणही असंच. वेबसाइटच्या टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करायचं एप्रिल २०२५ मध्ये ठरलं. मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७. वर्षातून एकदा आठवणीनं हातानं बदलायचे दिवस संपले. तुमच्या एमएफटीत आपोआप नूतनीकरणाची सोय नसेल, तर पुढच्या अपडेटमध्ये ती येणार आहे का, हे विक्रेत्याला आत्ताच विचारा.

अपडेट करताना आणि केल्यावर

दिवस नीट निवडावा. पगाराचा आठवडा नको, महिनाअखेर नको, कंटेनर लागायचा दिवस नको. आधी डेटाबेस, सगळं सेटिंग आणि किल्ल्या यांची प्रत काढायची. जमलं तर वेगळ्या मशिनवर चाचणी घ्यायची, एका मित्रभावाच्या भागीदाराबरोबर एक फाइल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पाठवून बघायची. गैरवापर सुरू झालेली त्रुटी असेल तर मात्र मुहूर्त बघत बसू नये. तासाभरासाठी सर्व्हर इंटरनेटवरून काढून घेतला तरी चालतो.

मोठे हल्ले सुट्ट्या बघून होतात, हे मूव्हइटमध्ये दिसलं. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) आणि दिवाळीत कारखाने, ऑफिसं ओस असतात. त्या दिवसांत सर्व्हरचा इशारा कुणाच्या फोनवर येतो, आणि त्या माणसाला सर्व्हर बंद करायचा अधिकार आहे का, हे आधी ठरलेलं असावं. मालकाची परवानगी मिळेपर्यंत थांबण्यात रात्र जाते.

अपडेट बसलं की तपासणी. दुरुस्ती येण्याआधी कुणी आत शिरलं असेल तर नवी आवृत्ती त्याला आपोआप बाहेर काढत नाही. म्हणून अ‍ॅडमिन खात्यांची यादी वाचा, न ओळखता येणारं नाव आहे का बघा. वेबच्या फोल्डरमध्ये अलीकडच्या तारखेच्या अनोळखी फाइली शोधा. अवेळी झालेले मोठे डाउनलोड लॉगमध्ये बघा. संशय आला तर पासवर्ड आणि किल्ल्या दोन्ही बदला.

आणि जुन्या फाइली काढून टाका. माझ्या मते सगळ्यात स्वस्तातला आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे. एमएफटी ही फाइलींची ये-जा करायची जागा आहे, साठवायची नव्हे. तरी तिथं चारचार वर्षांच्या पगाराच्या फाइली पडलेल्या असतात. चोराला तेवढंच मिळतं जेवढं सर्व्हरवर आहे. पोच मिळाल्यावर तीस दिवसांनी फाइल आपोआप पुसायचा नियम बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो चालू करायचा. हिशेबासाठी लागणारी प्रत आतल्या, इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी राहू द्या.

लॉगचं मात्र उलट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड लहान युनिटला होईल असं मी म्हणत नाही. पण कामगारांची आणि शाळकरी मुलांची माहिती सांभाळायची जबाबदारी हा कायदा तुमच्यावर टाकतो.

छोट्या युनिटला स्वतःचा एमएफटी सर्व्हर ठेवायची गरज बहुधा नसतेच. खरेदीदाराचं पोर्टल किंवा भाड्यानं घेतलेली क्लाउड सेवा पुरते, आणि अपडेटचं ओझं सेवा देणाऱ्यावर जातं. त्याला करार करण्याआधी विचारा: त्रुटी जाहीर झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती बसवता, आमच्या फाइली किती दिवस ठेवता, घटना झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, कारण तुमचे सहा तास तुम्हाला कळल्यापासून मोजले जातात आणि त्यानं दोन दिवसांनी सांगितलं तर नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं. घटनेची खबर incident@cert-in.org.in या पत्त्यावर देता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करायचा. पहिल्या खबरीत सगळी माहिती असावी असा हट्ट नको. कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, कधी लक्षात आलं आणि सर्व्हर आता चालू आहे की बंद, एवढं लिहून पाठवा, बाकीचं मागून देता येतं.